फिर्यादीपासून निकालापर्यंत: कोर्टकचेरीचं इंग्रजी टप्प्याटप्प्यानं कसं शिकावं

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची हायकोर्टातली कामं आता इथं चालतात. त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी कित्येक वर्षं लढा दिला होता. पण या बदलाची एक बाजू फारशी कुणी बोलत नाही. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात फिर्याद, जबाब, पंचनामा हे सगळं बहुतेक मराठीत असतं. तेच प्रकरण हायकोर्टात गेलं की कागद इंग्रजी होतो, कारण संविधानाच्या अनुच्छेद 348 नुसार उच्च न्यायालयाच्या कामकाजाची भाषा इंग्रजी आहे. पूर्वी मुंबईचे वकील फोनवर निकाल सांगायचे. आता गडहिंग्लजचा किंवा राधानगरीचा माणूस स्वतः आवारात उभा असतो, ऑर्डरची प्रत त्याच्या हातात असते, आणि त्यात आपल्याला काय मिळालं हे त्याला दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागतं.

हा लेख मुख्यतः त्या माणसासाठी आहे. कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मराठी माध्यमाच्या मुलांना आणि पोलीस भरती किंवा स्पर्धा परीक्षा करणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल. वकिलाची जागा तो घेणार नाही. वकील काय सांगतायत ते नीट कळावं आणि हातातला कागद वाचता यावा, एवढी तयारी मात्र यातून नक्की होईल.

आधी वही, आणि वहीची मांडणी

गुन्ह्यांचे शब्द ए पासून झेड पर्यंत पाठ करणारे मी पुष्कळ पाहिले. दोन महिन्यांनी त्यातलं काही उरत नाही. कायद्यातला शब्द प्रकरणाच्या टप्प्याला बांधलेला असतो. “सस्पेक्ट”, “अक्यूज्ड” आणि “कन्व्हिक्ट” हे तीन शब्द एकाच माणसाला लागू शकतात, पण एकाच दिवशी नाही. म्हणून वहीची पानं कागदाच्या प्रवासाप्रमाणे पाडा: घटना, पोलीस ठाणं, अटक आणि कोठडी, जामीन, दोषारोपपत्र, सुनावणी, निकाल, अपील. प्रत्येक टप्प्याला दोन पानं सोडा. शब्द एकटा लिहू नका, त्याच्यासोबत येणारं क्रियापद आणि शब्दयोगी अव्यय घेऊन पूर्ण वाक्य लिहा. सगळ्यात जास्त चुका तिथंच होतात.

साहित्य फुकट मिळतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकरणाला मिळणारा 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की आपल्या प्रकरणाची स्थिती इंग्रजीत दिसते. इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर कायद्यांचा मूळ मजकूर आहे. मराठी प्रतिशब्दांसाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश जवळ ठेवा. सकाळी पेपरातली क्राइमची बातमी मराठीत वाचायची आणि तीच बातमी इंग्रजी पेपरात शोधायची, हा सरावही चांगला.

सुरुवातीलाच एक सूचना. 1 जुलै 2024 पासून तीन नवे कायदे लागू झाले. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, आणि 1872 च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. इंग्रजी कागदांत यांची नावं बीएनएस, बीएनएसएस आणि बीएसए अशी येतात, आणि जुन्यांची आयपीसी, सीआरपीसी. चौकात लोक अजून “तीनशे दोन लागला”, “चारशेवीस केली” असंच म्हणतात, पण खुनाची शिक्षा आता बीएनएसच्या कलम 103 मध्ये आणि फसवणूक 318 मध्ये आहे. 1 जुलै 2024 च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला मात्र जुनीच कलमं लागतात, म्हणून दोन्ही क्रमांक वहीत शेजारी शेजारी लिहा. सगळ्यात जास्त गोंधळ 482 चा होतो. सीआरपीसीत 482 म्हणजे हायकोर्टानं गुन्हा रद्द करण्याचा अधिकार होता. बीएनएसएसमध्ये 482 म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि रद्द करण्याचं कलम झालं 528. जुनी ऑर्डर आणि नवी ऑर्डर एकत्र वाचताना आकड्यापुढचं संहितेचं नाव आधी बघा.

पहिला टप्पा: घडलं काय, त्याचं नेमकं नाव

मराठीत आपण “चोरी झाली” म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत आणि कायद्यात त्याचे अनेक प्रकार आहेत. एकच वस्तू धरून ते समजून घेऊ. समजा, घरातला कोल्हापुरी साज गेला.

घरी आलेल्या कुणीतरी कपाटातून तो गुपचूप उचलला, तर ती “थेफ्ट”. बीएनएसचं कलम 303 त्याची व्याख्या करतं: दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीविना, लबाडीच्या हेतूनं हलवणं. तोच साज घालून बाई रंकाळ्यावर फिरायला गेल्या आणि दुचाकीवरून आलेल्यांनी तो हिसडा मारून नेला, तर ते “स्नॅचिंग”. जुन्या संहितेत याला वेगळं कलम नव्हतं, आता 304 आहे. हिसडा मारताना त्यांना ढकलून जखमी केलं किंवा चाकू दाखवला, तर ती “रॉबरी”, म्हणजे जबरी चोरी, कलम 309. आणि हे करणारे पाच किंवा त्याहून जास्त असतील, तर ती “डकॉइटी”, म्हणजे दरोडा, कलम 310. पाच हा आकडा कायद्यातलाच आहे. चार जणांनी केलेल्या जबरी चोरीला बातमीदार दरोडा म्हणेल, कोर्ट म्हणणार नाही.

साज घरातच होता, घरचे गावी गेले आणि कुलूप तोडून कुणी आत शिरलं, तर पोलिसांच्या भाषेत घरफोडी. बोलण्यात आणि विम्याच्या कागदात याला “बर्गलरी” म्हणतात, पण बीएनएसचा शब्द “हाउस-ब्रेकिंग” आहे. विमा असेल तर हा फरक पैशाचा होतो. बर्गलरीच्या पॉलिसीत साधारणपणे जबरदस्तीनं आत शिरल्याची खूण लागते. दाराला धक्का न लावता कामावरच्या माणसानं वस्तू नेली तर ती चोरी असते, पण ती त्या पॉलिसीत बसतेच असं नाही. पॉलिसीतली व्याख्या आधी वाचा, मग क्लेम भरा.

आता साज गुजरीत कारागिराकडे दुरुस्तीला दिला आणि त्यानं तो परस्पर विकला. इथं थेफ्ट होत नाही, कारण वस्तू तुम्हीच विश्वासानं दिली होती. हा “क्रिमिनल ब्रीच ऑफ ट्रस्ट”, आपला अपहार किंवा विश्वासघात, कलम 316. एखाद्यानं पितळेला मुलामा देऊन सोन्याचा साज म्हणून तुमच्या गळ्यात मारला, तर ती “चीटिंग”, कलम 318. या दोन शब्दांतला फरक वकील वारंवार सांगतात: चीटिंगमध्ये फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून असतो, ब्रीच ऑफ ट्रस्टमध्ये वस्तू आधी विश्वासानं हाती येते आणि हेतू पुढं फिरतो. “पैसे दे नाहीतर तुझ्या पोराला बघून घेतो” असं धमकावून साज काढून घेतला, तर ती “एक्स्टॉर्शन”, खंडणी, कलम 308. चोरीचा आहे हे ठाऊक असून तो विकत घेतला, तर घेणाराही “रिसीव्हिंग स्टोलन प्रॉपर्टी”च्या कलम 317 मध्ये सापडतो. त्यासाठी खोटी पावती बनवली, तर “फोर्जरी”.

वाक्य करताना दोन क्रियापदं वेगळी ठेवा. “स्टील” वस्तूला लागतं, “रॉब” माणसाला किंवा जागेला. “माय बाइक वॉज स्टोलन” बरोबर. “माय बाइक वॉज रॉब्ड” म्हटलं की गाडीलाच कुणीतरी लुटलं असा अर्थ होतो. “आय वॉज रॉब्ड ऑफ माय चेन” म्हणजे माझी चेन जबरदस्तीनं लुटली. आणि महाद्वार रोडच्या गर्दीत मोबाइल कुठंतरी पडला असेल तर “लॉस्ट”, खिशातून काढला गेला असेल तर “स्टोलन”. फिर्यादीत एक आणि क्लेमच्या फॉर्मवर दुसरं, असं कधी होऊ देऊ नका.

मारहाणीचे शब्दही असेच ताणले जातात. बोलीत “असॉल्ट” म्हणजे मारहाण. कायद्यात असॉल्ट म्हणजे आता आपल्यावर बळ वापरलं जाणार अशी भीती वाटेल असा हावभाव किंवा तयारी, हात प्रत्यक्ष लागायलाच हवा असं नाही. प्रत्यक्ष वेदना किंवा इजा झाली की शब्द येतो “हर्ट”, आणि गंभीर असेल तर “ग्रिव्हस हर्ट”. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा दुसऱ्या दवाखान्यात मिळणाऱ्या वैद्यकीय दाखल्यावर “सिंपल” की “ग्रिव्हस” हे लिहिलेलं असतं, आणि पुढचं कलम बरंचसं त्यावर ठरतं. कलम 116 मध्ये ग्रिव्हस हर्टचे प्रकार दिले आहेत. हाड मोडणं त्यात आहे, तसा दात मोडणं किंवा निखळणंही आहे. म्हणजे बांधावरच्या भांडणात एका फटक्यात दात पडला, तर कागदावर ती गंभीर दुखापत.

“मर्डर” आणि “कल्पेबल होमिसाइड” हे दोन शब्दही एक मानू नका. प्रत्येक मर्डर हा कल्पेबल होमिसाइड असतो, प्रत्येक कल्पेबल होमिसाइड हा मर्डर नसतो. दुसऱ्याला मराठीत सदोष मनुष्यवध म्हणतात. गाडीच्या धडकेत माणूस गेला तर सहसा या दोन्हींऐवजी “कॉजिंग डेथ बाय नेग्लिजन्स” येतं, कलम 106.

दुसरा टप्पा: पोलीस ठाणं

इथं पहिला प्रश्न असतो दखलपात्र की अदखलपात्र. “कॉग्निझेबल” गुन्ह्यात एफआयआर होतो आणि पोलीस स्वतः तपास करतात. “नॉन-कॉग्निझेबल” असेल तर ठाणे अंमलदार एनसी नोंदवतात आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. “माझी तक्रार घेतली” एवढ्यावर समाधान मानून घरी येऊ नका. कागदावर एफआयआर आहे की एनसी ते बघा. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, बीएनएसएसच्या कलम 173 मध्ये तसं लिहिलेलं आहे. “झीरो एफआयआर” म्हणजे घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारी फिर्याद. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते.

“स्टेटमेंट” या शब्दाकडे लक्ष द्या. एफआयआरखाली फिर्यादीची सही असते. तपासात साक्षीदाराचा जो जबाब पोलीस लिहून घेतात, त्यावर सही घ्यायची नसते, कलम 181 तसं स्पष्ट सांगतं. “पंचनामा”, “मुद्देमाल” हे शब्द मात्र भाषांतर करत बसू नका. मुंबई हायकोर्टाच्या इंग्रजी निकालांत ते तसेच्या तसे येतात: “स्पॉट पंचनामा”, “सीझर पंचनामा”, “मुद्देमाल प्रॉपर्टी”. आपले शब्द त्या भाषेत रुजलेले पाहून मला फार बरं वाटतं.

तपास संपून काही निष्पन्न झालं नाही, तर महाराष्ट्रात “समरी” पाठवतात. ए समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. बी समरी म्हणजे फिर्याद द्वेषानं खोटी केलेली. सी समरी म्हणजे खरीही नाही आणि खोटीही नाही, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून आलेली. तुमच्या फिर्यादीवर बी समरी मागितली असेल आणि तुम्ही ते एक अक्षर वाचलंच नाही, तर काय होईल याचा विचार करा. समरीवर कोर्ट फिर्यादीला नोटीस काढतं, तेव्हा हरकत घेता येते.

तिसरा टप्पा: माणसाला कधी काय म्हणायचं

या लेखातला माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. शब्द चुकला की भाषा तर बिघडतेच, पण एका माणसाची इज्जत जाते. गावात ती परत मिळत नाही.

पोलिसांना संशय आहे, तोपर्यंत तो “सस्पेक्ट”. त्याचं नाव घेऊन गुन्हा नोंदवला, तर इंग्रजी पेपर लिहितो “बुक्ड”. बुक्ड म्हणजे गुन्हा दाखल झाला, अटक झाली असा त्याचा अर्थ नाही. “डिटेन्ड” म्हणजे चौकशीसाठी ताब्यात घेतलं, “अरेस्टेड” म्हणजे अटक. अटकेपासून प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावं लागतं, आणि अटकेची कारणं त्या माणसाला सांगावी लागतात. त्या कारणांना कागदावर “ग्राउंड्स ऑफ अरेस्ट” म्हणतात. नंतर “रिमांड”, म्हणजे कोठडीत ठेवण्याचा आदेश. आपल्याकडे वकील आणि पोलीस “पीसीआर” आणि “एमसीआर” म्हणतात. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. एमसीआर झाली की माणूस पोलिसांच्या ताब्यातून जेलमध्ये जातो आणि वकील जामिनाच्या तयारीला लागतात.

कोर्टात तो “अक्यूज्ड”. इंग्रजी मालिकांतला “डिफेंडंट” हा शब्द आपल्याकडे दिवाणी दाव्यातल्या प्रतिवादीला लागतो, फौजदारी आरोपीला नाही. दोषारोपपत्र म्हणजे “चार्जशीट” पोलीस दाखल करतात. “चार्ज फ्रेम” करतं कोर्ट. चार्जशीट आलं म्हणजे कोर्टानं आरोप मान्य केला असं नाही. चार्ज फ्रेम होण्याआधीच पुराव्यात दम नाही म्हणून कोर्टानं सोडलं, तर “डिस्चार्ज”. पूर्ण खटला चालून निर्दोष सुटला, तर “अ‍ॅक्विटल”. हायकोर्टानं गुन्हाच रद्द केला, तर “क्वॉश”. तिघांनाही मराठीत आपण “सुटला” म्हणतो. नोकरीचा फॉर्म भरताना मात्र यातलं नेमकं कोणतं ते लिहावं लागतं. दोष सिद्ध झाला, तरच “कन्व्हिक्ट” म्हणायचं. त्याआधी कुणाबद्दलही लिहिताना “अलेजेडली” वापरा: “ही अलेजेडली टुक द मनी”, म्हणजे त्यानं पैसे घेतल्याचा आरोप आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गावगटावर इंग्रजी बातमीचं मराठी करून टाकताना हा एक शब्द गाळला जातो, आणि आरोपाचा गुन्हा होतो. मराठीत “कथित” लिहा, “आरोप आहे” लिहा, पण तो शब्द वगळू नका. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख पटेल असं काहीही लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, बीएनएस कलम 72.

शब्दाला जोडून येणारे छोटे शब्द

आपण मराठीत विचार करून इंग्रजी जुळवतो. “त्याच्यावर केस टाकली” याचं “पुट केस ऑन हिम” होतं, “पोलिसांत तक्रार दिली” याचं “गेव्ह कम्प्लेंट इन पोलीस” होतं. वहीत अशी वाक्यं लिहून रोज मोठ्यानं म्हणा:

“आय फाइल्ड अ कम्प्लेंट अगेन्स्ट हिम विथ द पोलीस.”
“ही वॉज अक्यूज्ड ऑफ थेफ्ट.”
“ही वॉज चार्ज्ड विथ चीटिंग.”
“ही वॉज अरेस्टेड फॉर रॉबरी.”
“शी वॉज अ‍ॅक्विटेड ऑफ ऑल चार्जेस.”
“ही वॉज कन्व्हिक्टेड ऑफ फोर्जरी अँड सेन्टेन्स्ड टू टू इयर्स.”
“वी अपील्ड टू द हाय कोर्ट अगेन्स्ट द जजमेंट.”

अक्यूज्डला “ऑफ” आणि चार्ज्डला “विथ”, एवढं पक्कं केलं तरी निम्म्या चुका जातील. “तारीख पडली” याला “द मॅटर वॉज अ‍ॅडजर्न्ड”. “एव्हिडन्स” या शब्दाचं अनेकवचन करू नका. पुरावे दहा असले तरी “एव्हिडन्स”, आणि एकेक मोजायचाच असेल तर “अ पीस ऑफ एव्हिडन्स”. “विटनेस”चं मात्र “विटनेसेस” होतं.

चौथा टप्पा: जामिनाची ऑर्डर ओळीनं वाचणं

जामिनाच्या ऑर्डरमध्ये साधारण असं एक वाक्य असतं: “द अ‍ॅप्लिकंट शॅल बी रिलीज्ड ऑन बेल ऑन फर्निशिंग अ पी. आर. बॉण्ड ऑफ रुपीज 25,000 विथ वन ऑर टू शुअरटीज इन द लाइक अमाउंट.”

आता तुकडे करा. “अ‍ॅप्लिकंट” म्हणजे अर्जदार, इथं आरोपीच. “शॅल बी रिलीज्ड”मधला “शॅल” म्हणजे करायचंच, तिथं “मे” असतं तर मर्जीचा प्रश्न आला असता. “पी. आर. बॉण्ड” म्हणजे आरोपीनं स्वतः लिहून द्यायचा जातमुचलका. “शुअरटी” म्हणजे जामीनदार माणूस. “इन द लाइक अमाउंट” म्हणजे तेवढ्याच रकमेचा, म्हणजे जामीनदारानंही 25,000 चा बॉण्ड द्यायचा. हे 25,000 रोख भरायचे नाहीत. रोख भरायचे असतील तर ऑर्डरमध्ये “कॅश” हा शब्द स्पष्ट असतो. या एका वाक्याचा अर्थ न कळल्यामुळं कुटुंबं सावकाराच्या दारात जातात, म्हणून ते पाठ असलेलं बरं.

त्याखाली अटी येतात. “शॅल नॉट टॅम्पर विथ द प्रॉसिक्यूशन एव्हिडन्स”: पुराव्यात ढवळाढवळ करायची नाही, साक्षीदारांना भेटून दबाव आणणं यातच आलं. “शॅल अटेंड द पोलीस स्टेशन”: ठरलेल्या दिवशी ठाण्यात हजेरी. “शॅल नॉट एंटर”: अमुक तालुक्यात पाऊल टाकायचं नाही. “अनटिल फर्दर ऑर्डर्स”: पुढचा आदेश येईपर्यंत. अट मोडली की “कॅन्सलेशन ऑफ बेल”. ठरावीक मुदतीत, म्हणजे 60 किंवा गंभीर गुन्ह्यांत 90 दिवसांत चार्जशीट आलं नाही तर मिळतो तो “डिफॉल्ट बेल”. अटकेच्या आधी मिळतो तो “अँटिसिपेटरी बेल”. यातला कुठलाही जामीन म्हणजे निर्दोष सुटका नाही.

पाचवा टप्पा: साक्षीचा पिंजरा

जिल्हा कोर्टात तुम्ही मराठीतच साक्ष द्या, त्यात कमीपणा काहीच नाही. पण अपिलाच्या वेळी ती साक्ष इंग्रजीत वाचली जाते, आणि तिची ठरलेली भाषा आहे. “एक्झामिनेशन-इन-चीफ” म्हणजे सरतपासणी, “क्रॉस-एक्झामिनेशन” म्हणजे उलटतपासणी. उलटतपासणीची नोंद अशी असते: “इट इज ट्रू दॅट माय हाउस इज निअर द स्पॉट. इट इज नॉट ट्रू टू से दॅट आय अ‍ॅम डिपोझिंग फॉल्स.” पहिलं वाक्य म्हणजे साक्षीदारानं कबूल केलेली गोष्ट, दुसरं म्हणजे वकिलानं सुचवलेलं आणि साक्षीदारानं नाकारलेलं. वाचताना “नॉट” शोधा, नाहीतर नाकारलेली गोष्ट कबूल केल्यासारखी वाटते. “आय डू नॉट नो” आणि “आय डू नॉट रिमेम्बर” यांतही फरक आहे. एक माहीतच नव्हतं सांगतं, दुसरं आता आठवत नाही सांगतं. साक्षीदार उलटला की “होस्टाइल”, आपला फितूर.

महाराष्ट्रातल्या कोर्टांची स्वतःची अशी एक इंग्रजी आहे, ती कुठल्याही साध्या डिक्शनरीत मिळणार नाही. “से” म्हणजे अर्जावर समोरच्याचं लेखी म्हणणं. ई-कोर्ट्सवर “फॉर से” दिसलं तर त्या तारखेला म्हणणं दाखल व्हायचं आहे. “एक्झिबिट” म्हणजे निशाणी. दिवाणी दाव्यात “एक्झिबिट फाइव्ह” म्हटलं की तात्पुरत्या मनाईचा अर्ज समजायचा. “पुरसिस” म्हणजे पक्षकारानं कोर्टाला दिलेली छोटी लेखी माहिती. “दरखास्त” म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचं काम, “रोजनामा” म्हणजे त्या दिवशी काय झालं याची नोंद.

दिवाणी आणि फौजदारी शब्द वेगळ्या रंगाच्या शाईनं लिहा. दिवाणीत “प्लेंट” घालून “सूट” दाखल होतो, वादी “प्लेंटिफ”, शेवटी “डिक्री”. तिथं कुणी “गिल्टी” नसतो, “लायेबल” असतो. “फाइन” सरकारजमा होतो, “डॅमेजेस” किंवा “कॉम्पेन्सेशन” माणसाला मिळतं. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याला रोज भेटणारं प्रकरण म्हणजे चेक न वटणं. 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम 138 मध्ये त्याला “डिसऑनर” म्हणतात. बँकेचा मेमो आल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला 15 दिवस, नंतर महिन्याच्या आत कोर्टात “कम्प्लेंट”. हा कम्प्लेंट पोलिसांत द्यायचा नसतो.

सहावा टप्पा: सर्किट बेंचची ऑर्डर

इथं शेवटचा परिच्छेद आधी वाचा. “अलाउड” म्हणजे अर्ज किंवा अपील मंजूर, “पार्टली अलाउड” म्हणजे अंशतः, “डिसमिस्ड” किंवा “रिजेक्टेड” म्हणजे फेटाळलं. “डिस्पोज्ड ऑफ” म्हणजे काम निकाली निघालं, पण कोण जिंकलं ते यावरून कळत नाही, त्यासाठी वरचा मजकूर वाचावा लागतो. “सेट असाइड” म्हणजे खालच्या कोर्टाचा आदेश रद्द. “अ‍ॅडमिट” म्हणजे सुनावणीसाठी दाखल करून घेतलं, जिंकलो असं नाही. पेढे वाटायची घाई नको. “स्टे” म्हणजे स्थगिती, “इंटरिम” म्हणजे तात्पुरतं. “स्टँड ओव्हर टू” किंवा नुसतं “एस. ओ. टू” आणि पुढं तारीख, म्हणजे त्या तारखेला या. “रिझर्व्ह्ड” म्हणजे युक्तिवाद संपला, निर्णय नंतर. “रिमांडेड” इथं वेगळ्या अर्थानं येतो: प्रकरण फेरविचारासाठी खालच्या कोर्टाकडे परत. अपील करणारा “अपेलंट”, समोरचा “रिस्पॉन्डंट”. फौजदारी कामात रिस्पॉन्डंट म्हणून “स्टेट ऑफ महाराष्ट्र” दिसतं आणि त्यांच्या बाजूनं “एपीपी”, म्हणजे अतिरिक्त सरकारी वकील.

मालिकांतून आलेले “फेलनी”, “मिसडिमीनर”, “डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी” हे शब्द अमेरिकेचे आहेत, वहीतून काढून टाका. भारतातल्या फौजदारी खटल्यात ज्यूरीही नसते. आपल्याकडे वकील म्हणजे “अ‍ॅडव्होकेट”, आणि “पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी” म्हणजे मुखत्यारपत्र. उच्चारात एकच पथ्य कटाक्षानं पाळा: वकिलाला “लॉयर” म्हणा. “लायर” म्हणजे खोटारडा.

आणि फोनवरचं इंग्रजी

कायद्याचं इंग्रजी आता चोरांनीही शिकलंय. व्हिडिओ कॉल येतो, पलीकडे वर्दीतला माणूस, तोंडात “वॉरंट”, “मनी लाँडरिंग”, “नॉन-बेलेबल”, “सुप्रीम कोर्ट ऑर्डर”, आणि शेवटी “यू आर अंडर डिजिटल अरेस्ट”. निवृत्त शिक्षक, बँकेतून रिटायर झालेले लोक, शिकलेली माणसं याला बळी पडतात, कारण शब्द खरे असतात. “डिजिटल अरेस्ट” असा प्रकार भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. अटक प्रत्यक्ष होते, मेमो बनतो, नातेवाइकांना कळवलं जातं, 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर केलं जातं. हे टप्पे वहीत लिहिलेल्या माणसाला फोनवरचा खोटेपणा तिसऱ्या वाक्यालाच दिसतो. खरा पोलीस जामिनाचे पैसे यूपीआयवर मागत नाही, आणि “व्हेरिफिकेशन”साठी तुमची ठेव कुठल्या “सेफ अकाउंट”मध्ये हलवायला सांगत नाही.

असा फोन आला तर एकच इंग्रजी वाक्य पुरे: “सेंड मी अ रिटन नोटीस.” मग फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आणि खरोखरच कोर्टाचा कागद आला, वकील लावायची ऐपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 ला फोन करा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तिथं अर्ज मराठीतच चालतो.